पहिली २०० किलोमीटरची शर्यत: दहा आठवडे हातात आहेत, अनुभवी लोकांची मदत हवी आहे

धागा

नमस्कार मंडळी. सात वर्षं सायकल चालवतेय, पण ती कामावर जाण्या-येण्यापुरती. एका वेळेला १२ किलोमीटर, सुट्टीच्या दिवशी कधी ४०-५०. आजवरची सगळ्यात मोठी फेरी ८५ ची. ती करून घरी आले तेव्हा जिना चढताना कठडा धरावा लागला होता. वय ४३.

गेल्या आठवड्यात २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेरीसाठी, नाव नोंदवलं. वेळ साडेतेरा तास, सुरुवात सकाळी सहाला, १०० किलोमीटर जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. नाव नोंदवताना काही वाटलं नाही, पण आता रोज रात्री झोपण्याआधी डोक्यात भागाकार सुरू होतो.

माझी सायकल साधी हायब्रिड (रोडबाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली) आहे, २४ गिअर, ३५ मिमीचे टायर. शर्यतीत बाकीचे रोडबाइकवाले असतील. मी सगळ्यांत शेवटी राहीन ही भीती खरी आहे, लपवत नाही. दहा आठवड्यांत ८५ वरून २०० वर जाता येतं का? वाटेत काय आणि किती खायचं? आणि साठेक किलोमीटरनंतर माझ्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. ते दुर्लक्ष करण्यासारखं आहे की नाही?

प्रतिसाद १

ताई, आधी एक शब्द बदलू या. ही शर्यत नाही. ब्रेव्हेत पहिला-दुसरा क्रमांक नसतो. ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घेत, स्वतःच्या बळावर पोचायचं. सहा तासांत आलेला आणि तेरा तास पंचवीस मिनिटांनी आलेला, दोघांची नोंद सारखीच होते. २०० ला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०, १००० ला ७५. हे चारी सुरुवातीचे टप्पे, म्हणजे २००, ३००, ४०० आणि ६००, एकाच हंगामात पुरे केले की 'सुपर रँडोनर' म्हणतात. हे नियम ऑडाक्स क्लब पॅरिसियन या १९०४ पासूनच्या फ्रेंच क्लबाचे, आणि जगभर तेच चालतात.

गंमत म्हणजे याचं मूळ खऱ्या शर्यतीतच आहे. १८९१ मध्ये पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची, सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत झाली. शार्ल तेरों ती जवळजवळ ७२ तासांत जिंकला, आणि तीही हवा भरलेल्या टायरवर, जे तेव्हा अगदी नवीन होते. १९३१ पासून याच वाटेवर हौशी लोकांसाठीही ब्रेव्हे सुरू झाली. व्यावसायिक शर्यत १९५१ नंतर थांबली, हौशी लोकांची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस मात्र आजही दर चार वर्षांनी होते, ९० तासांत.

आता तुमचा भागाकार मीच करून देतो, म्हणजे झोप लागेल. २०० ला साडेतेरा तास म्हणजे थांबे धरून ताशी १५ च्या थोडं खाली. तुम्ही रस्त्यावर ताशी १८ ने चाललात तर सायकलवर अकरा तास जातात आणि अडीच तास हाताशी उरतात. ताशी २० ने गेलात तर साडेतीन तास उरतात. म्हणजे वेग तुमच्याकडे आत्ताच आहे. २०० चुकते ती थांब्यांवर. पाण्यासाठी म्हणून दहा मिनिटं थांबतो, उठेपर्यंत पंचवीस झालेली असतात, आणि असे पाच थांबे झाले की दोन तास गेले. माझ्या ओळखीत जितक्या पहिल्या ब्रेव्हे फसल्या, त्यांतल्या बहुतेक बसून फसल्या.

मधल्या कंट्रोलचीही, म्हणजे शिक्का घ्यायच्या ठिकाणाचीही, बंद होण्याची वेळ असते. १०० किलोमीटरचा कंट्रोल सहा तास चाळीस मिनिटांनी बंद होतो, तुमच्या बाबतीत बारा चाळीसला. ही वेळ कागदावर लिहून हँडलला चिकटवा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण मी बसून नाही, धावून फसलो. पहिली २०० मी १४० ला सोडली.

सुरुवातीला एक घोळका निघाला, ताशी २८-३० ने. त्यांच्या मागे चिकटलो. मागे राहिलं की हवा पुढचा कापतो, आपल्याला जोर बराच कमी लागतो, त्यामुळे इतका वेग आपलाच आहे असं वाटायला लागतं. पहिले ७० किलोमीटर असे गेले. त्या वेगात खिशातून काही काढून खायचा धीर होत नव्हता आणि भूकही नव्हती. ११० ला घोळका सुटला. १३० च्या पुढे पाय दुखत नव्हते, हात थरथरत होते. एका माणसाने विचारलं कुठून आलात, तर मला गावाचं नाव पटकन आठवेना. तेव्हा उतरलो.

नंतर कळलं ते असं. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साधारण ४००-५०० ग्रॅम साखर साठवलेली असते. जोर लावून चालवलं तर ती काही तासांत तळाला जाते. चरबी भरपूर असते, पण ती हळू जळते, म्हणजे वेग एकदम पडतो. आणि मेंदूला लागते ती साखरच. सायकलवाले याला 'बाँक' म्हणतात. तो आल्यावर खाऊन सावरायला अर्धा-पाऊण तास लागतो.

ताई, पहिल्या तासात कोणीही पुढे जाऊ दे. तो तास आपला नव्हेच असं धरून चाला.

प्रतिसाद ३

खाण्याबद्दल मी लिहिते. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हा सोपा आकडा. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात, म्हणजे दोन केळी आणि थोडा खजूर. सतत केळी खाववत नाहीत, म्हणून उकडलेला बटाटा, ब्रेड, भात, बिस्किटं, जे तुमच्या पोटाला मानवतं ते. सवय असेल तर काही लोक ९० पर्यंत जातात, पण त्यासाठी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही लागतात, कारण आतड्यात त्यांच्या शोषणाच्या वाटा वेगळ्या आहेत. पहिल्या वेळेला तिकडे वळू नका.

भूक लागायची वाट पाहायची नाही. घड्याळाला दर २५ मिनिटांनी गजर लावा आणि गजर झाला की दोन घास. सरावातही असंच खा, कारण चालत्या सायकलवर पचवणं ही पोटाला लावायची सवय आहे.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, इथे माणसं काळजीपोटी चुकतात. उन्हात घाबरून नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं जड होतं, मळमळतं, बोटं सुजल्यासारखी होतात. ही लक्षणं तहानेची समजून माणूस आणखी पाणी पितो आणि प्रकरण बिघडतं. तहान लागेल तसं प्या, आणि दोनांपैकी एका बाटलीत मीठ-साखर असू दे.

उपप्रतिसाद (धागाकर्ती)

तिघांचेही मनापासून आभार. शर्यत नाही हे वाचून खरंच हलकं वाटलं. घोळक्याचा अनुभव दोनदा वाचला. मी नक्की तेच केलं असतं.

बोटांचं कोणी सांगेल का?

प्रतिसाद ४

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः ६०० पर्यंत चालवलंय. करंगळी आणि अनामिका म्हणजे अल्नर नस. ती तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूने जाते आणि हँडलवर तासन्‌तास भार पडला की चेपते. दुर्लक्ष करू नका. ८५ ला मुंग्या असतील तर २०० ला बोटांतली ताकद जाऊ शकते, गिअर बदलता येत नाही, ब्रेक नीट दाबता येत नाही. काही जणांना हे महिना-दोन महिने राहतं.

ग्लव्हज घ्याच, पण मूळ बहुतेक वेळा सीटमध्ये असतं. सीटचं टोक खाली झुकलं असेल तर आपण सारखे पुढे घसरतो आणि ते थोपवायला हातांवर भार टाकतो. सीट सपाट करा. हँडल फार खाली किंवा फार लांब असेल तर वर घ्या, जवळ घ्या. कोपर ताठ ठेवू नका. दर दहा मिनिटांनी पकड बदला. हायब्रिडच्या सरळ दांडीवर जागा एकच मिळते, म्हणून टोकांना छोटी शिंगं (बार एंड) बसवून घ्या. हा बदल तुम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

सीटची उंची अशी बघा: टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली न्या, पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात हलका बाक राहतो. गुडघा पुढून दुखला तर बहुतेक वेळा सीट खाली असते, मागून दुखला तर वर. बदल एका वेळी तीन ते पाच मिलिमीटरच, आणि दोन-तीन फेऱ्या त्यावर करून मग पुढचा.

प्रतिसाद ५

सायकल हायब्रिड आहे म्हणून नवीन घ्यायच्या फंदात पडू नका. ३५ चे टायर लांब पल्ल्याला चांगलेच, खडबडीत रस्त्यावर अंग कमी मोडतं. खोल नक्षीचे असतील तर फक्त गुळगुळीत घाला. हवा बाजूला लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत ठासून भरू नका.

क्लीटचे (पॅडलला अडकणारे) बूट, नवीन सीट, नवीन शॉर्ट्स, जे काय घ्यायचं ते आजच घ्या. शेवटच्या तीन आठवड्यांत सायकलवर नवीन काही नको. दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंप, पॅच, ॲलन चाव्या, चेनची एक जोडकडी. आणि मागचं चाक स्वतः काढून घालायचा सराव घरी पाच वेळा करा. पुढचं सगळ्यांना येतं.

प्रतिसाद ६

माझं मत थोडं वेगळं आहे. सरावात एकदा तरी पूर्ण २०० करून बघाच, नाहीतर मनातली भीती जाणार नाही.

प्रतिसाद १ कडून

नाही, इथे मी ठामपणे असहमत. नवख्या माणसाने घटनेच्या आधी एकट्याने २०० केले तर सावरायला दोन आठवडे जातात आणि हाताशी आहेतच दहा. सरावातली सगळ्यात लांब फेरी १४०-१५० ची पुरे. ८५, ९५, १०५, मग एक आठवडा परत ७० वर, मग ११५, १३०, पुन्हा एक हलका, आणि १४५. शेवटचे दोन आठवडे कमी करत आणायचे. कामावर जाणं-येणं चालू ठेवा, आठवड्याचे ते १२० किलोमीटर काही कमी नाहीत. एका दिवशी चढावर जोर लावा. बाकी सगळं चालवणं इतक्या वेगाने की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल.

पाय ताशी न मोजता मिनिटाला मोजा. मिनिटाला पॅडलच्या ८०-९० फेऱ्या, हलक्या गिअरवर. जड गिअर दाबत बसलं की गुडघे १२० ला बोलायला लागतात.

अजून एक, वारा. जाताना वारा पाठीशी असेल तर खूश होऊ नका. समजा जाताना २५ ने गेलात आणि येताना तोच वारा तोंडावर घेऊन १५ ने आलात. सरासरी २० वाटते, पण जायला चार तास, यायला सहा तास चाळीस मिनिटं. सरासरी १८.७५. मंद गतीत आपण जास्त वेळ अडकून राहतो, म्हणून वारा जितकं देतो त्याहून जास्त परत घेतो.

प्रतिसाद ७

काही गोष्टी बायकांना विचाराव्या लागतात आणि विचारायला कोणी नसतं, म्हणून इथेच लिहिते. मी ५६ वर्षांची आहे, पहिली ब्रेव्हे ४९ व्या वर्षी केली.

पॅड असलेल्या शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नाही. हे मला पहिली दोन वर्षं कोणी सांगितलं नव्हतं आणि शिवणीने मांड्या सोलून निघायच्या. क्रीम निघतानाच लावायचं, जळजळ सुरू झाल्यावर नाही. सीट आपल्या बसायच्या हाडांच्या रुंदीची हवी. मऊ आणि जाड गादी पहिल्या तासाला सुखाची वाटते, पाचव्या तासाला नाजूक जागी रुतते. मधे खाच असलेली सीट मला मानवली.

पाळी त्याच दिवशी आली तर? मी कपवर दोन ब्रेव्हे पार केल्या आहेत, पण कप पहिल्यांदा त्या दिवशी वापरायचा नाही. आणि लघवीची जागा कुठे मिळेल या धास्तीने पाणी कमी पिऊ नका. आदल्या आठवड्यात नकाशावर जागा बघून ठेवा. मी दर ३० किलोमीटरला एक अशी यादी करते, म्हणजे मन त्यात अडकत नाही.

आणि शेवटी राहण्याबद्दल. २०१९ मध्ये ट्रान्सकॉन्टिनेंटल ही बल्गेरियातल्या बुर्गासपासून फ्रान्समधल्या ब्रेस्टपर्यंतची शर्यत झाली. सुमारे ४००० किलोमीटर, सोबत मदतीची गाडी नाही, खाणं-झोपणं-रस्ता शोधणं सगळं आपलं आपण. ती फिओना कोल्बिंगर हिने दहा दिवस आणि काही तासांत सगळ्या स्त्री-पुरुषांच्या आधी पूर्ण केली. तिची ती अशी पहिलीच शर्यत होती. तुम्ही तिच्यासारखं करा असं म्हणत नाही. पण पहिल्यांदा उतरणाऱ्या बाईने आधीच मागची जागा धरून उभं राहायचं काही कारण नाही, एवढं मात्र म्हणते.

प्रतिसाद ८

विरोध करायला आलो नाही, काळजीने विचारतो. चाळिशीनंतर तेरा तास शरीराला असं ताणणं बरं आहे का? हृदयाचं काय?

प्रतिसाद ४ कडून

रास्त प्रश्न आहे, काका. रक्तदाब, मधुमेह, घरात लवकर आलेला हृदयविकार, यातलं काही असेल तर डॉक्टरांना भेटूनच सुरुवात करावी, आणि नसलं तरी एकदा तपासून घेतलेलं बरं. सायकलवर छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, श्रमाच्या मानाने फार धाप, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं, कार्डाचा विचार करायचा नाही. बाकी ब्रेव्हेतला श्रम हा लांबीचा आहे, तीव्रतेचा नाही. बोलता येईल इतक्या वेगाने चाललेलं हृदय दिवसभर चालू शकतं, पण त्यासाठी सरावाचे आठवडे पाहिजेत.

उपप्रतिसाद (धागाकर्ती), सहा आठवड्यांनंतर

डॉक्टरांना भेटून आले, सगळं ठीक आहे. सीटचं टोक खरंच खाली होतं. सपाट केलं, शिंगं बसवली, ग्लव्हज घेतले. ११५ पर्यंत मुंग्या नाहीत.

परवा १३० झाले. ९५ ला उजवा गुडघा पुढून दुखायला लागला, सीट चार मिलिमीटर वर घेतली आणि काल ४० ची फेरी करून पाहिली, दुखला नाही. गजर लावून खाते आहे. पहिल्यांदा गजराला घास नको वाटायचा, आता पोट स्वतःच मागतं. मागचं चाक काढायला पहिल्या दिवशी एकवीस मिनिटं लागली, आता सात.

उपप्रतिसाद (धागाकर्ती), दहाव्या आठवड्यात

झाली. १२ तास ४५ मिनिटं.

सहाला निघाले. दोन किलोमीटरच्या आत सगळे पुढे गेले आणि रस्ता रिकामा झाला. त्या क्षणी घशात आवंढा आला, पण प्रतिसाद २ आठवला आणि माझ्या गिअरवर राहिले. ३८ ला मागचं चाक पंक्चर झालं. मागचंच! टायरच्या आत बोट फिरवून तारेचा तुकडा शोधला, काढला, मग ट्यूब घातली. बावीस मिनिटं गेली, पण कोणाची वाट पाहावी लागली नाही.

१०० ला अकरा पंचवीसला पोचले, म्हणजे सव्वा तास हाताशी ठेवून. आधी शिक्का, मग बाटल्या, मग स्वच्छतागृह, आणि खाणं उभ्यानेच. सोळा मिनिटांत बाहेर. तिथे सकाळच्या घोळक्यातले चार जण पाय पसरून बसले होते.

परतीला वारा तोंडावर आला. १२० ते १६० हे चाळीस किलोमीटर मी आयुष्यात विसरणार नाही. सपाट रस्त्यावर ताशी १४. आकडा बघून जीव जायला लागला तेव्हा सायकलचं मीटर रुमालाने झाकलं आणि फक्त गजर ऐकत राहिले. १५५ ला विनाकारण रडू आलं. घड्याळ पाहिलं तर वाऱ्याच्या आवाजात दोन गजर ऐकूच आले नव्हते. थांबले, दोन केळी आणि मूठभर खजूर खाल्ला, बारा मिनिटं बसले. वीस मिनिटांनी रडू गेलं. ते रडू भुकेचं होतं हे कळलं तेव्हा फार आश्चर्य वाटलं.

शेवटचे वीस किलोमीटर एका मुलाबरोबर आले. त्याची पण पहिलीच. आलटून पालटून पुढे होत होतो, फारसं बोललो नाही. पावणेसातला कार्ड दिलं. थांबे सगळे मिळून एक तास पन्नास मिनिटं. आमच्यामागून अजून सहा जण आले.

बोटं ठीक आहेत. जिना चढताना कठडा धरला, पण वर जाऊन थेट जेवायला बसले.

आता ३०० ची तारीख बघते आहे. वीस तास म्हणजे रात्र येणार. माझ्याकडे कामावरून येताना लावायचा एकच छोटा दिवा आहे. दिव्यांचं काय करावं? हब डायनॅमो (चाक फिरलं की दिव्याला वीज देणारा) घ्यायला हवा का?

प्रतिसाद ७ कडून

मनापासून अभिनंदन! तुमच्या १५५ ला मीही रडले वाचताना.

३०० साठी डायनॅमो नको, तो ६०० चा विचार पक्का झाला की बघा. पुढे दोन दिवे, मागे दोन, प्रत्येकी एक राखीव, कारण रात्री दिवा बंद पडला तर तिथेच ब्रेव्हे संपते. पुढचा दिवा मधल्या प्रकाशावर किती तास चालतो ते घरी लावून ठेवून मोजा, खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. अंगात परावर्तक जाकीट, घोट्यांना पट्ट्या. आणि तारीख ठरवण्याआधी एका संध्याकाळी निघून अंधारात ६० किलोमीटर करून या, कोणाला तरी सोबत घेऊन.

प्रतिसाद २ कडून

कोणत्या तारखेची ३०० बघताय? मीही नाव नोंदवतो.